प्रशिक्षक जातो, अध्यक्ष का जात नाही?

तुमचा प्रश्न असा: राष्ट्रीय फुटबॉल संघ एखाद्या मोठ्या स्पर्धेत आपटला की दोन दिवसांत प्रशिक्षकाची हकालपट्टी होते, पण महासंघाचे अध्यक्ष-सचिव मात्र खुर्चीतच राहतात. त्यांना कुणी जाब का विचारत नाही, आणि विचारायचाच तर कसा?

आधी थोडक्यात सांगतो. प्रशिक्षकाला काढायला एक बैठक आणि एक सही पुरते. अध्यक्षाला काढायचं तर मतं लागतात, आणि ती मतं तुमच्या-माझ्याकडे नसतात. टीव्हीसमोर डोकं धरून बसलेला माणूस त्या निवडणुकीत मतदार नसतो. एवढं कळलं की उरलेली बरीच कोडी आपोआप सुटतात.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. एका छोट्या क्लबच्या कमिटीवर मी चार वर्षं होतो. एका मोसमात आमचा संघ खालच्या गटात घसरला. बैठक भरली. विषय क्रमांक तीन: प्रशिक्षक. ठराव मांडला, अनुमोदन मिळालं, एकमताने मंजूर. चहा येण्याआधी विषय संपलासुद्धा. त्याच मोसमात मोक्याच्या वेळी तीन आठवडे सरावाचं मैदान आम्हीच दुसऱ्या कार्यक्रमाला भाड्याने दिलं होतं. पहिल्या पसंतीचा गोलकीपर मानधन थकल्यामुळे सोडून गेला होता. हे दोन्ही निर्णय कमिटीचे. पण यातलं काहीच विषयपत्रिकेवर नव्हतं, कारण विषयपत्रिका आम्हीच लिहिली होती. ठरावाला अनुमोदक म्हणून माझंच नाव आहे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते मोठ्या तोऱ्यात लिहितोय असं समजू नका.

आता मोठ्या पातळीवर या. इटलीचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे, कारण तिथे अध्यक्षही गेले. एकदा नाही, दोनदा.

१३ नोव्हेंबर २०१७, मिलानचं सान सिरो. वर्ल्डकपच्या पात्रतेसाठी स्वीडनविरुद्ध दोन सामन्यांच्या प्ले-ऑफमधला दुसरा सामना. पहिला सामना इटली ०-१ हरलेली, म्हणजे गोल हवाच. दुसऱ्या अर्धात बेंचवरून दानिएले दे रोसीला वॉर्म-अप करायला सांगितलं गेलं. हा बचावाकडे झुकणारा मिडफिल्डर. तो उखडला. शेजारी बसलेल्या लोरेंझो इन्सिन्येकडे बोट दाखवून म्हणाला की आपल्याला बरोबरी नाही, जिंकायचंय. कॅमेऱ्याने ते टिपलं आणि जगाने पाहिलं. इन्सिन्ये, त्या वेळचा त्यांचा सगळ्यात चपळ आक्रमक, त्या रात्री मैदानात उतरलाच नाही. सामना ०-० सुटला आणि १९५८ नंतर पहिल्यांदा इटली वर्ल्डकपला मुकली. दोन दिवसांत प्रशिक्षक जान पिएरो व्हेंतुरा यांना काढलं. इन्सिन्येला बाहेर बसवणं ही त्यांचीच चूक होती, त्यावर वाद नाही.

पण व्हेंतुरांचा करार २०२० पर्यंत वाढवला कधी होता? त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये. पात्रता फेरी अर्धवट असताना, स्पेनशी महत्त्वाचा सामना तोंडावर आलेला असताना. ती सही व्हेंतुरांनी एकट्याने केली नव्हती. महासंघाचे अध्यक्ष कार्लो ताव्हेक्यो आधी राजीनामा द्यायला तयार नव्हते, मग आठवड्याभरात त्यांनी दिला.

हे ताव्हेक्यो आले कुठून, हे पाहायला २०१४ मध्ये जावं लागतं. ब्राझीलमध्ये इटली उरुग्वेकडून हरून साखळीतच बाहेर पडली. उरुग्वेचा सुआरेझ इटलीच्या खेळाडूला चावला तोच सामना. त्या संध्याकाळी प्रशिक्षक प्रांदेल्ली आणि अध्यक्ष आबेते, दोघांनीही राजीनामे दिले. तुमच्या प्रश्नात जे हवंय ते अगदी जसंच्या तसं! (प्रांदेल्लींचाही करार स्पर्धेच्या जरा आधीच वाढवलेला होता, हे जाता जाता.) मग निवडणूक झाली. एका बाजूला देमेत्रिओ आल्बेर्तिनी, १९९४ ची वर्ल्डकप फायनल खेळलेला, ताव्हेक्योंच्या तुलनेत तरुण. दुसऱ्या बाजूला ताव्हेक्यो, पंधरा वर्षं हौशी क्लबांच्या लीगचे प्रमुख. तेव्हाच्या नियमानुसार इटालियन महासंघात मतांचं वजन असं होतं: हौशी लीगकडे ३४ टक्के, सेरी आ या सर्वोच्च लीगकडे १२ टक्के, खेळाडूंकडे २० आणि प्रशिक्षकांकडे १०. परदेशी खेळाडूंबद्दल बोलताना केळ्यांचा वर्णद्वेषी उल्लेख करून ताव्हेक्योंनी प्रचारातच स्वतःची शोभा करून घेतली, तरी ते आरामात निवडून आले.

म्हणजे राजीनामा झाला, टाळ्या पडल्या, आणि त्याच मतदारयादीतून तसाच माणूस आला. म्हणून नुसतं ‘अध्यक्षांनी राजीनामा द्यावा’ या मागणीत मला फारसा रस उरलेला नाही. झाडाची फांदी तोडून मुळाला पाणी घालत बसण्यासारखं आहे ते.

करार वाढवण्याची ही खोड सगळीकडे दिसते. २०१० च्या वर्ल्डकपआधी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने फाबिओ कापेल्लो यांच्या करारातलं मधेच वेगळं होण्याचं कलम काढून टाकलं. काही आठवड्यांत जर्मनीने इंग्लंडला ४-१ ने झोडपलं. आता काढायचं तर उरलेल्या दोन वर्षांचे पैसे मोजा. कापेल्लो राहिले. जर्मनीने मे २०१८ मध्ये योआखिम लव्ह यांचा करार २०२२ पर्यंत वाढवला. जूनमध्ये कझानला दक्षिण कोरियाकडून ०-२ हरून जगज्जेते गटात तळाला गेले. लव्हही राहिले. आणि आपल्याकडे भारतीय संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली. मार्च २०२४ मध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२, जूनमध्ये कुवेतशी ०-०, मग दोह्यात कतारकडून १-२, आणि १७ जूनला हकालपट्टी. त्यांनी फिफाकडे, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाकडे, दाद मागण्याचा इशारा दिला आणि अखेर चार लाख डॉलरवर तडजोड झाली. हे पैसे कुणाच्या खिशातून गेले? सही करणाऱ्यांच्या तर नक्कीच नाही.

ही मुदतवाढ का देतात हेही समजून घ्या, कारण त्यात निव्वळ मूर्खपणा नसतो. प्रशिक्षकाचा करार स्पर्धेबरोबर संपणार असेल तर खेळाडू त्याला पाहुणा समजतात, पत्रकार रोज ‘पुढे कोण’ विचारतात, आणि एखादा मोठा क्लब त्याला मधेच पळवण्याची भीती असते. म्हणून स्थैर्याच्या नावाखाली सही होते. कारण पटण्यासारखं आहे. पण मग त्या सहीची जोखीमही सही करणाऱ्याच्या नावावर लिहायला हवी ना? तसं होत नाही. संघ जिंकला तर मुदतवाढ ही अध्यक्षांची दूरदृष्टी ठरते. हरला तर ती प्रशिक्षकाला दिलेली संधी, जिचं त्याने मातेरं केलं.

मग अध्यक्ष जातात तरी कशाने? मजेशीर गोष्ट आहे. जर्मन महासंघाचे अध्यक्ष राइनहार्ड ग्रिंडेल कझानमुळे गेले नाहीत. ते गेले एप्रिल २०१९ मध्ये, युक्रेनच्या एका फुटबॉल पदाधिकाऱ्याकडून घेतलेल्या महागड्या घड्याळावरून आणि जाहीर न केलेल्या मिळकतीवरून. ब्राझील घरच्या मैदानावर जर्मनीकडून १-७ हरलं तेव्हा प्रशिक्षक स्कोलारी आठवड्यात गेले, आणि महासंघाचे अध्यक्ष जोसे मारिया मारीन यांनी आपला कार्यकाळ आरामात पूर्ण केला. मे २०१५ मध्ये झुरिकच्या हॉटेलात त्यांना अटक झाली ती अमेरिकेतल्या लाचखोरीच्या खटल्यात. अमेरिकेचंच घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्रिनिदादमध्ये बरोबरी पुरेशी असताना ते १-२ हरले आणि वर्ल्डकपला मुकले. प्रशिक्षक ब्रूस अरीना तीन दिवसांत गेले. अध्यक्ष सुनील गुलाटी, जन्म अलाहाबादचा, लगेच पायउतार झाले नाहीत. पुढची निवडणूक लढवणार नाही एवढं त्यांनी डिसेंबरमध्ये सांगितलं. त्यांच्या जागी उपाध्यक्ष कार्लोस कोर्देइरो आले, आणि तेही २०२० मध्ये गेले ते महिला संघाशी चाललेल्या खटल्यात वकिलांनी कोर्टात केलेल्या अपमानास्पद युक्तिवादावरून. घड्याळ, लाच, कोर्टातला कागद. इटलीसारखं गोलफलकावरून मात्र यांतलं कुणीच गेलं नाही.

दक्षिण कोरियाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण एकाच अध्यक्षाच्या काळात तिथे दोनदा हे सगळं घडलं.

जून २०१४. ब्राझीलमध्ये एकही सामना न जिंकता कोरियाचा संघ इंचॉन विमानतळावर उतरला. स्वागताला आलेल्यांपैकी काहींनी खेळाडूंच्या दिशेने गोळ्या भिरकावल्या. ‘यॉत’ नावाची चिकट पारंपरिक मिठाई. कोरियन भाषेत कुणाला ‘यॉत खा’ म्हणणं ही सणसणीत शिवी आहे. महासंघाने आधी प्रशिक्षक हाँग म्युंग-बो यांना कायम ठेवायचं ठरवलं, पण लोक इतके खवळले की आठवड्याभरात हाँग गेले. त्यांच्याबरोबर उपाध्यक्ष हुह जुंग-मू यांनीही पद सोडलं. अध्यक्ष चुंग मोंग-ग्यू, उद्योगपती, २०१३ पासून पदावर. ते राहिले.

फेब्रुवारी २०२४. आशियाई चषकाची उपांत्य फेरी, जॉर्डनकडून ०-२. सोन ह्युंग-मिनसारखा खेळाडू संघात असूनही नव्वद मिनिटांत गोलच्या दिशेने एकही फटका लागला नाही. नंतर बाहेर आलं की आदल्या संध्याकाळी टेबल टेनिस खेळायला लवकर उठून जाण्यावरून जेवणाच्या ठिकाणी सोन आणि तरुण ली कांग-इन यांच्यात झोंबाझोंबी झाली होती आणि सोनचं बोट निखळलं होतं. सामन्यात दोन बोटं पट्टीने बांधून तो खेळताना दिसतो. प्रशिक्षक यर्गन क्लिन्समन दहा दिवसांत गेले. त्यांच्याबद्दल तक्रारी खूप होत्या. ते कोरियात राहतच नाहीत, हरल्यावरही हसतात, वगैरे. त्यातल्या बऱ्याच रास्त होत्या.

पण या वेळी लोकांनी पुढचा प्रश्न विचारला: यांना नेमलं कुणी? क्रीडा खातं सांभाळणाऱ्या मंत्रालयाने लेखापरीक्षण लावलं. त्यात निघालं की अंतिम उमेदवारांच्या मुलाखती अध्यक्ष चुंग यांनी स्वतः घेतल्या होत्या, जे त्यांच्या अधिकारात बसत नव्हतं, आणि ज्या समितीने नाव सुचवायचं ती नावापुरतीच उरली होती. संसदेच्या समितीने चुंग यांना बोलावून धारेवर धरलं. मंत्रालयाने कडक कारवाईची शिफारस केली. क्लिन्समन यांच्या जागी कुणाला नेमलं होतं? हाँग म्युंग-बो. २०१४ चेच. त्यांच्या नेमणुकीतही प्रक्रियेचे घोळ निघाले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये निवडणूक झाली. चुंग यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्यांपैकी एक होते हुह जुंग-मू, २०१४ मध्ये जबाबदारी घेऊन पद सोडलेले, आणि त्याआधी २०१० ला प्रशिक्षक म्हणून कोरियाला बाद फेरीत नेलेले. मतं मोजली. चुंग १५६, हुह १५. चुंग चौथ्यांदा अध्यक्ष झाले.

तुम्ही म्हणाल, सरकार एवढं मागे लागलं होतं तर थेट काढून का टाकलं नाही? कारण फिफा. सदस्य महासंघाचा कारभार स्वतंत्र असला पाहिजे, सरकारने किंवा बाहेरच्या कुणी ढवळाढवळ केली तर निलंबन, असा फिफाचा नियम आहे. २०१० मध्ये नायजेरिया साखळीतच गारद झाल्यावर तिथले राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी संघालाच दोन वर्षं आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाहेर काढायचं जाहीर केलं. फिफाने मुदत दिली, आणि काही दिवसांत त्यांना निर्णय मागे घ्यावा लागला. आपला अनुभव तर ताजाच आहे. भारतीय महासंघाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२० मध्ये संपली, निवडणूक झाली नाही, ते पदावर राहिले. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली, आणि ऑगस्टमध्ये फिफाने ‘त्रयस्थ हस्तक्षेप’ म्हणून भारतालाच निलंबित केलं. दहा-अकरा दिवसांनी, कारभार पुन्हा महासंघाकडे आल्यावर, निलंबन उठलं. मुदत संपूनही दीड वर्ष बसणं फिफाला खटकलं नाही, न्यायालयाने उठवणं खटकलं!

तरीही हा नियम रद्द व्हावा असं मी म्हणणार नाही. राष्ट्राध्यक्षाला राग आला म्हणून संघ बरखास्त, ही वाट फार वाईट ठिकाणी जाते. पण आज हा नियम खेळाचं रक्षण कमी आणि पदाधिकाऱ्यांचं जास्त करतो, एवढं खरं.

आता जाब विचारायचा कसा, या तुमच्या दुसऱ्या भागाकडे येतो. माझ्या मते पहिली गोष्ट, कुणाच्या हातात काय होतं ते वेगळं काढा. संघनिवड, डावपेच, बदली खेळाडू, ड्रेसिंग रूम हे प्रशिक्षकाचं. इन्सिन्येला बाहेर ठेवणं व्हेंतुरांच्या नावावर, क्लिन्समनच्या संघातली भांडणं क्लिन्समनच्या नावावर. पण राष्ट्रीय प्रशिक्षकाला खेळाडू वर्षातून मोजके आठवडे मिळतात. बावीस वर्षांच्या स्ट्रायकरला डाव्या पायाने चेंडू मारता येत नसेल तर ते तो शिकवू शकत नाही. ते दहा वर्षांपूर्वी शिकवायला हवं होतं. प्रशिक्षक किती होते, लहान मुलांच्या लीग किती होत्या, मैदानं कुणाला मिळाली, हे सगळं पदाधिकाऱ्यांच्या खात्यात. प्रशिक्षकाची परीक्षा स्पर्धेत होते, पदाधिकाऱ्याची व्हायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि तोवर तो बहुधा निवृत्त होऊन मानद अध्यक्ष झालेला असतो.

बेल्जियमकडे पाहा. युरो २००० चे सहयजमान असूनही ते गटातच बाहेर पडले. प्रशिक्षक रॉबर्ट वासेज यांना त्यांनी काढलं नाही. ते २००२ च्या वर्ल्डकपपर्यंत राहिले. बदल झाला तो खाली. मिशेल साब्लों तांत्रिक संचालक होते. ल्यूव्हेन विद्यापीठाकडून मुलांच्या दीड हजार सामन्यांच्या चित्रफिती तपासून घेतल्या गेल्या. दिसलं असं की सगळा जोर जिंकण्यावर आहे आणि पोरांच्या पायाला चेंडूच लागत नाही. मग छोट्या मैदानावर दोन विरुद्ध दोन, पाच विरुद्ध पाच असे सामने सुरू केले, आणि सात-आठ वर्षांखालच्या मुलांचे गुणतक्तेच बंद केले. क्लबांना आणि पालकांना हे पटवणं सोपं नव्हतं. त्यानंतर बेल्जियम सलग पाच मोठ्या स्पर्धांना मुकला, २००४ च्या युरोपासून २०१२ च्या युरोपर्यंत. या काळात राष्ट्रीय प्रशिक्षक येत-जात राहिले. खालची योजना कुणी मोडली नाही. २०१५ मध्ये फिफा क्रमवारीत पहिला क्रमांक, २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये तिसरं स्थान. मधल्या कुठल्याही वर्षी कुणी म्हटलं असतं की ‘योजना फसली, साब्लोंना हाकला’, तर गोलफलक त्याच्याच बाजूने होता. म्हणून निकालावरून पदाधिकारी हाकला असंही मी म्हणत नाही. त्याने काय ठरवलं होतं आणि त्यातलं काय केलं, यावरून हाकला किंवा ठेवा. त्यासाठी ते आधी लिहून ठेवलेलं आणि सगळ्यांना वाचता येईल असं हवं.

दुसरी गोष्ट मतदारयादी. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीय महासंघाची निवडणूक झाली. कल्याण चौबे ३३, भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया १. मतदार म्हणजे राज्य संघटनांचे प्रतिनिधी, एकूण ३४. चौबे राजकारणात असले तरी स्वतः गोलकीपर होते, त्यामुळे खेळाडू विरुद्ध राजकारणी असं सोपं चित्र रंगवायचं नाही मला. पण या चौतीस जणांना प्रत्येक राज्यात कुणीतरी निवडून दिलं, त्यांना निवडणाऱ्यांना जिल्ह्यांनी, आणि जिल्ह्यांना क्लबांनी. राष्ट्रीय संघ हरल्यावर ट्विटरवर अध्यक्षांना शिव्या देणारे हजारो असतात. आपल्या जिल्हा संघटनेची वार्षिक सभा कधी असते हे माहीत असणारे किती? मला स्वतःला कमिटीत जाईपर्यंत माहीत नव्हतं.

तिथे जाऊन मागायचं काय, तर कागद. प्रशिक्षक निवडताना किती उमेदवार होते, मुलाखत कुणी घेतली, मुदतवाढीचा ठराव कुणी मांडला, कराराच्या मधेच काढलं तर किती द्यावे लागणार हे सही करण्यापूर्वी किती सदस्यांनी वाचलं होतं. कोरियात खरी अडचण झाली ती या प्रश्नांनी, घोषणांनी नाही. चुंग निवडून आले हे खरं, पण मुलाखती कुणी घेतल्या ते आता सगळ्या देशाला माहीत आहे.

आमच्या क्लबच्या त्या प्रशिक्षकाने जाताना भांडण केलं नाही. किल्ल्या आणि शिट्टी टेबलावर ठेवली आणि एवढंच मागितलं की ज्या बैठकीत मला काढलं तिच्या इतिवृत्ताची एक प्रत द्या, मैदान भाड्याने द्यायचं ठरलं त्या बैठकीचीही. सचिव म्हणाले, बघतो. आठवड्याने त्याने मला फोन केला. मी म्हणालो, सचिवांना विचारा.

प्रत आम्ही त्याला दिली नाही.